उसना सोफा

दरवाजा उलटा उघडतो.
कुंजुमोननं फोटो बघून बनवला, रुवीतल्या गाळ्यात.
प्लाय चांगलं, रंग आमच्यापेक्षा सरस,
फक्त बिजागऱ्या डावीकडे.
तीनशे अकरा प्रयोग उजव्या हातानं घरात शिरलो,
तीनशे बाराव्याला
स्वतःच्याच उंबऱ्यावर चाचपडलो.

आलो आम्ही नऊजण आणि दोन पेट्या.
प्रॉम्प्टरचं तिकीट मंडळाच्या हिशेबात बसलं नाही,
म्हणून रंगभूषेचा भार्गव
एका हातात पफ, दुसऱ्यात संहिता,
चष्मा हॉटेलात.
बाकी सगळं इथलंच, मागून आणलेलं :
टेबल कुणाच्या बाल्कनीतलं,
भिंतीवरचे पूर्वज कुणाचे ते विचारलं नाही.
पहिल्या अंकातला दारूचा पेला
मंजुरीहून परत आला तो ताकाचा होऊन.
सोफा दारसैतच्या निवेदिता सबनीसांचा,
मोरपंखी,
एक हात मांजरानं ओरबाडलेला.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी मी सोफ्यावर मरतो.
मरण मला बरं जमतं.
चिपळूणला एकदा तिसऱ्या रांगेतून
एक डॉक्टर धावत आले होते.
मी चहा मागतो,
आणि चहा येईपर्यंत जातो.
सून कप घेऊन उभी राहते. पडदा.
एवढ्या वर्षांत तो कप
माझ्यापर्यंत कधी पोचलेला नाही.

शाळेचं सभागृह, एसी असा
की प्रेताला हुडहुडी भरावी.

प्रयोगानंतर कुंजुमोन पाने गोळा करत म्हणाला,
"साब, आप मर गया, फिर पैर हिलाया."
त्याला भाषेतलं अक्षर कळलं नव्हतं,
म्हणून तो अडीच तास
फक्त पाय बघत होता.

सकाळी सबनीसांकडे पोहे.
सोफा आमच्या आधी घरी पोचलेला,
रात्रीच, पिकअपमधून.
बसलो. स्प्रिंग ओळखीची निघाली.
त्यांचा अन्वित समोर उभा, दात घासायचा ब्रश तोंडात :
"तुम्ही काल इथेच मेलात ना?"
हो, म्हटलं.
"मग?"
मग काय, ते मलाही कुणी लिहून दिलेलं नाही.

निवेदिताबाई चहा घेऊन आल्या.
कप हातात आला, गरम, आलं जास्त झालेलं.
कपाचं काय करायचं असतं
हे मला क्षणभर सुचेना.
त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या, ओरबाडलेल्या हाताकडे बघत :
"बाबा गेले तेव्हा मी इथेच बसले होते.
फोनवर सांगली. चेहरा थिजला,
मला वाटलं नेटवर्क गेलं.
मी कितीतरी वेळ हॅलो हॅलो करत राहिले."
मग पोह्यांवर खोबरं घालता घालता,
"काल तुमचा पाय हलला.
बरं वाटलं."

दुपारी सोहारची बस.
उजवीकडे समुद्र, डावीकडे सोलून ठेवल्यासारखे डोंगर,
मध्ये एका पंपावर कागदी पेल्यातला करक.
सून झालेली मुलगी खिडकीला डोकं टेकून झोपलेली,
तिच्या मांडीवर माझा विग.
कुणीतरी बहारीनच्या तिकिटांबद्दल भांडत होतं.

सोहारचा दरवाजा सरळ उघडत होता.
मी डाव्या हातानं चुकलो.

इथला सोफा काळा, लेदरचा, निसरडा;
मेलेला माणूस त्यावरून हळूहळू घसरतो.
चहा मागितला. गेलो.
सून आली, उभी राहिली,
कपातला चमचा किणकिणला.
समोरच्या अंधारात कोण कोण
काय काय धरून बसलं होतं, मला दिसत नव्हतं.
डोळे मिटलेले असतात माझे.

अंगठा हलवला.
एकदाच, मोज्याच्या आत नव्हे, दिसेल असा.

भार्गवनं आज चष्मा आणला होता.
"पाय," विंगेतून तो कुजबुजला,
आणि मग घाईनं पानं चाळल्याचा आवाज,
जणू कुठेतरी ते
लिहिलेलं असेल.